मोटार-शर्यतीच्या चालकाचा व्यवसाय

लातूर-नांदेड रस्त्यावर सायंकाळीं दोन तरुण आपल्या दुचाक्या भरधाव सोडून एकमेकांस मागें टाकूं पाहत आहेत, हें दृश्य वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. अशा अविचारामुळेंच 'शर्यत' हा शब्द आपल्याकडे बदनाम झाला आहे. परंतु मोटारीची शर्यत हा जगांत एक रीतसर व्यवसाय आहे. त्यास शिक्षण लागतें, परवाना लागतो, आणि नियम तर पावलोपावलीं पाळावे लागतात. त्या व्यवसायाची थोडीशी ओळख करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

शर्यतीच्या मोटारींचे मुख्य प्रकार दोन. पहिल्या प्रकारांत चाकें उघडीं असून आंत एकट्या चालकापुरती जागा असते. दुसरा प्रकार आपल्या दारापुढें उभ्या असणाऱ्या छपराच्या मोटारीचाच होय. तीस 'टूरिंग कार' किंवा 'सलून' म्हणतात. तिच्यांतील मागील आसनें व गाद्या काढून वजन कमी करतात आणि आंत पोलादी नळ्यांचा पिंजरा बसवितात. मोटार उलटली तरी चालक चिरडला जाऊं नये, हा त्यांतील उद्देश. इंग्लंडांत अशा मोटारींची स्पर्धामाला १९५८ सालीं सुरू झाली. जागतिक अजिंक्यपदाची स्पर्धा प्रथम १९८७ सालीं झाली.

कित्येकांस वाटतें कीं, जो अधिक धाडसी तो जिंकतो. वस्तुस्थिति निराळी आहे. वेग दुप्पट झाला म्हणजे त्याच वळणावर मोटार धरून ठेवण्यास चौपट बल लागतें, ही गोष्ट पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. हें सारें बल चार टायरांचा जो लहानसा भाग जमिनीस टेंकलेला असतो, त्यांतूनच मिळावयाचें असतें. म्हणून कुशल चालक वळणापूर्वीं, सरळ रस्त्यावरच, बराचसा वेग आवरतो. मग बाहेरील कडेनें वळणांत शिरून आंतील टोंकाजवळून जातो व पुन्हां बाहेरच्या कडेस येतो. त्यायोगें वळणाची त्रिज्या मोठी होते आणि वेग फारसा गमवावा लागत नाहीं. थोडक्यांत, कोठें थांबावें हें ज्यास कळतें, तोच पुढें जातो.

शिस्तीचेंही असेंच आहे. पिवळें निशाण दिसतांच वेग कमी करावा लागतो व कोणासही मागें टाकतां येत नाहीं. लाल निशाण दिसलें कीं शर्यतच थांबते. अंगावर आगीस दाद न देणारा पोषाख, डोक्यावर शिरस्त्राण व छातीवर घट्ट पट्टे आवळून, बंद मोटारीच्या उकाड्यांत चालकास चित्त स्थिर ठेवावें लागतें.

या क्षेत्रांतील एक उदाहरण आपल्या महाराष्ट्रांतीलच आहे. पुण्याच्या श्रीमती डायना पुंडोले या व्यवसायानें शिक्षिका व दोन मुलांच्या माता. वडिलांमुळें त्यांस या खेळाची गोडी लागली. २०१८ सालीं एका टायर कंपनीनें स्त्रियांसाठीं काढलेल्या शिक्षणक्रमांतून त्यांचा या क्षेत्रांत प्रवेश झाला. घर व अध्यापन सांभाळून त्यांनीं अभ्यास चालू ठेविला आणि २०२४ सालीं सलून मोटारींच्या वर्गांत पुरुष चालकांबरोबर स्पर्धा करून राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविलें. राष्ट्रीय मोटार-शर्यतींत असें पद मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री होत. पुढें २०२५ सालीं फेरारी मोटारींच्या मध्यपूर्वेतील स्पर्धामालेसाठीं त्यांची निवड जाहीर झाली.

मात्र हा मार्ग सुलभ नाहीं. टायर, इंधन, यांत्रिक व प्रवास यांचा खर्च मोठा असतो, आणि तो सोसणारा आश्रयदाता मिळाल्यावांचून पुष्कळांची वाटचाल मध्येंच खुंटते. शर्यतीचीं मैदानेंही चेन्नई, कोइमतूर, दिल्लीजवळील ग्रेटर नोएडा अशीं आपल्यापासून दूर आहेत. तथापि तेथील यशाचें रहस्य आपणांस परकें नाहीं. ज्या लातूरचें नांव परीक्षेच्या तयारीसाठीं सर्वत्र गाजलें, तेथील विद्यार्थ्यास तेंच प्रश्न पुनःपुन्हां सोडविण्याचें महत्त्व सांगावयास नको. शर्यतीचा चालकही तेंच वळण शेंकडों वेळां घेतो, चूक टिपतो आणि सुधारतो.

शेवटीं एक गोष्ट आमच्या तरुण मित्रांनीं ध्यानांत ठेवावी. शर्यतीच्या मैदानांत समोरून वाहन येत नाहीं. कडेला वैद्य व आग विझविणारे लोक सज्ज असतात. आपल्या रस्त्यावर उसानें भरलेला ट्रॅक्टर असतो, बिनदिव्याची बैलगाडी असते, आणि हातांत पाटी-दप्तर घेऊन रस्ता ओलांडणारें एखादें मूलही असतें. त्या मुलानें कोणत्याही शर्यतींत नांव घातलेलें नसतें. ज्यास परमेश्वरानें धैर्य दिलें आहे, त्यानें तें योग्य मैदानांत, योग्य गुरूच्या हाताखालीं खर्च करावें. रस्त्यावर मात्र प्रत्येकास घरीं सुखरूप पोहोंचूं द्यावें, हाच खरा विजय होय.