एपिसोडचा मजकूर : रस्ता आला, जमीन विकू की ठेवू?

बऱ्याच जणांनी व्हॉइस नोट पाठवून विचारलं, "गावाजवळून रिंगरोड जातोय, एजंट मागे लागलेत, काय करू?" उत्तर देतो, पण आधी आमच्या घरचं सांगतो.

आमची पुण्याच्या बाजूला तीन एकर जिरायत. वर्षाला एकरी पंधरा हजारांनी खंडाने दिलेली. रस्त्याची आखणी झाली आणि एजंट म्हणाला, एकरी पन्नास लाख. अण्णा म्हणाले, विकायची नाही. मी म्हणालो, विकून टाकू. दोघंही अंदाजाने बोलत होतो.

मग मी बसून हिशोब केला. पन्नास लाख बँकेत सात टक्क्यांनी ठेवले, तर वर्षाला साडेतीन लाख येतात. आणि व्याज काढलं नाही, तर साधारण दहा वर्षांत दुप्पट होतात. म्हणजे खरा प्रश्न एवढाच : हीच जमीन दहा वर्षांनी एकरी एक कोटीला जाईल का? जाईल असं वाटलं तर ठेवा. नुसतं "भाव वाढतोच" म्हणून नको.

पण भाव कुठला धरायचा? चहाच्या टपरीवरचा नाही. नोंदणी विभागाच्या साइटवर ई-सर्चमध्ये तुमच्या गावात झालेल्या व्यवहारांची सूची दोन बघता येते. त्यातला आकडा आणि एजंटचा आकडा शेजारी ठेवा. आमच्याकडे बराच फरक निघाला.

दुसरं, कर. दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहराच्या हद्दीपासून सरळ रेषेत आठ किलोमीटरच्या बाहेर असलेली शेतजमीन विकली, तर भांडवली नफ्यावर कर लागत नाही. आत असेल तर लागतो. लहान शहरांसाठी हे अंतर कमी आहे, दोन किंवा सहा किलोमीटर. आणि जमीन एनए करून विकली, की ती शेतजमीन राहत नाही. म्हणून एनए करायच्या आधी सीएला विचारा.

तिसरं, महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला साधारणपणे शेतकरी असावं लागतं. सगळीच विकून बसलात, तर उद्या परत घेणं अवघड जाऊ शकतं. थोडी तरी ठेवा.

चौथं, सातबारा नीट वाचा. मी वाचला तेव्हा आत्याचं नाव दिसलं. आजोबा गेल्यावर वारस म्हणून लागलेलं. आमच्या घरात सगळ्यांनी गृहीत धरलेलं, ती हक्कसोड करून देईल. मी फोन केला, तर आत्या शांतपणे म्हणाली, "गुडघ्याच्या ऑपरेशनला पैसे लागणारेत रे. दादाला कसं सांगू म्हणून गप्प होते."

अण्णा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतः तिच्याकडे गेले.

शेवटी रस्त्याकडचा एक एकर विकला, सूची दोन दाखवून भाव वाढवून घेतला. पैसे दोघांत निम्मे निम्मे. विहिरीकडचे दोन एकर ठेवले, आत्याचं नाव तसंच ठेवून.

बरोबर केलं का, ते दहा वर्षांनी कळेल. पण तुम्ही एजंटला फोन करण्याआधी सातबारा उघडा, आणि त्यावर ज्यांची ज्यांची नावं आहेत, त्या सगळ्यांना आधी फोन करा.

भेटू पुढच्या एपिसोडला!