काकांची जीप आणि क्लचचा जमाखर्च

फरीदाबाद येथे माझ्या काकांच्या अंगणात उंच बॉनेटची महिंद्रा-विलीज 'सीजे-३बी' जीप उभी आहे. १९६८ सालची. दिल्लीत १९६४ पासून भरत आलेल्या 'स्टेट्समन'च्या जुन्या मोटारींच्या रॅलीत ती एकदा तरी स्वतः चालवत न्यावी, ही त्यांची अनेक वर्षांची इच्छा. परंतु गेल्या हिवाळ्यात त्यांच्या डाव्या गुडघ्याने असहकार पुकारला. जीप अंगणातून मागे-पुढे करतानाही क्लच दाबणे त्यांना कठीण होऊ लागले. तेव्हा एकतर गाडी विकावी, नाहीतर क्लच हायड्रॉलिक करून घ्यावा, असे दोनच पर्याय उरले.

वास्तविक या जीपचे ब्रेक कारखान्यातूनच हायड्रॉलिक आलेले. क्लच मात्र रॉड, आडवी नळी व केबल यांच्या साह्याने चालतो. त्या नळीचे एक टोक चॅसिसवर, तर दुसरे इंजिनाच्या बाजूस टेकलेले असते. रबरी माउंटिंगवर इंजिन हलले की जोडणीही हलते. सांधे झिजले असतील तर गाडी उचलताना थरथरते आणि पेडल जड होते.

हायड्रॉलिक पद्धतीत हे सारे दुवे जाऊन त्यांच्या जागी तेलाने भरलेली नळी येते. पेडलने मास्टर सिलिंडरचा दट्ट्या ढकलला की तेलाचा दाब गिअरबॉक्सजवळील स्लेव्ह सिलिंडरपर्यंत पोहोचतो. मास्टरचा व्यास पाच अष्टमांश इंच व स्लेव्हचा सात अष्टमांश इंच घेतल्यास जोर जवळजवळ दुप्पट होतो. मात्र फुकट काहीच मिळत नाही. दट्ट्या २५ मिलिमीटर सरकला तर क्लचकडे जेमतेम १३ मिलिमीटर पोहोचतात. वाणिज्य शाखेच्या माणसाला हा हिशेब चटकन पटतो. जमेला जोर, नावे अंतर. मोठ्या स्लेव्हचा मोह धरल्यास पेडल लोण्यासारखे मऊ होईल, पण क्लच पुरता सुटणारच नाही.

सिलिंडर दिल्लीच्या कश्मीरी गेट बाजारात मिळाले. खरी अडचण निराळीच होती. मेकॅनिक म्हणाला, "साहेब, चॅसिसला वेल्डिंगचे दोन टाके मारतो, तासाभराचे काम." काकांनी मान डोलावली, मी मात्र त्याचा हात धरला.

दिल्ली परिसरात १५ वर्षांपेक्षा जुन्या पेट्रोल वाहनांवरील बंदी सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑक्टोबर २०१८ रोजी उचलून धरली. त्यानंतर निर्बंधांत फेरफार झाले, तरी काकांच्या जीपला खरा आधार आहे तो केंद्र शासनाच्या जुलै २०२१ मधील 'व्हिंटेज' नियमांचा. पहिल्या नोंदणीस ५० वर्षे उलटलेल्या खासगी गाडीस २०,००० रुपये शुल्क भरून वेगळी नोंदणी मिळते आणि रॅली, प्रदर्शन वा दुरुस्तीसाठी ती रस्त्यावर आणता येते. अट एवढीच की चॅसिस, सांगाडा व इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा. क्लचचा त्यात नामोल्लेख नाही. पण चॅसिसवरचा टाका तपासनिसाच्या नजरेतून सुटेल, असे कर्जाची कागदपत्रे तपासण्यात उमेदवारी केलेल्या माणसाला तरी वाटत नाही.

शेवटी चॅसिसला मुळातच असलेल्या छिद्रांचा उपयोग करून मास्टर सिलिंडरसाठी बोल्टने बसणारी पट्टी तयार केली. तासाभराच्या कामाला चार दिवस लागले. स्लेव्ह बेल हाउसिंगवर बसविला, त्यामुळे तो इंजिनाबरोबरच हलतो. मधली नळी लवचीक घेतली. पहिल्या दिवशी पेडल तळाला जाऊन बसले, कारण नळीत हवा राहिली होती. ती काढताना ब्रेक ऑइलचे चार थेंब मडगार्डवर सांडले आणि रंगाला फोड आले. काका दिवसभर बोलले नाहीत. पेडलला थोडी मोकळी चाल ठेवण्याबाबत मीच आग्रह धरला. नाहीतर रिलीज बेअरिंग सतत टेकून क्लच घसरतो व जळतो. शिवाय गाडी महिनोन् महिने उभी राहिल्यास सिलिंडरमधील रबरी सील बिघडतात, हा या पद्धतीचा उणेपणा. जुन्या रॉडला तो नव्हता.

आता काका गॅरेजच्या आवारात एका दमात पाच-सहा फेऱ्या मारतात. रॅलीत मूळपणाचे गुण कापले जातील, हे त्यांना ठाऊक आहे. काढलेला रॉड, नळी व केबल ग्रीस लावून, जुन्या धोतरात गुंडाळून पेटीत ठेवली आहेत. पेटीवर काकूंनी चिठ्ठी डकवली असून, नोंदणीच्या अर्जासोबत जोडण्यासाठी दोन्ही जोडण्यांची छायाचित्रे काढून झाली आहेत.