जुन्या मोटारीतील ओल आणि बुरशी : मूळ कोठे, उपाय कोणता?

बंगळूर शहराच्या आग्नेय भागातील बेळ्ळंदूर आणि भोवतालच्या वसाहतींत गेल्या दोन-अडीच दशकांत नोकरीनिमित्त अनेक मराठी कुटुंबे येऊन स्थायिक झाली. त्यांपैकी काहींनी सामानासोबत आपली मोटारही आणली, कर्नाटकाचा जीवनकर भरला आणि येथील क्रमांक घेतला. मात्र पावसाळ्याविषयीची समजूत त्यांनी पुण्याचीच ठेवली. जून ते सप्टेंबर गाडी सांभाळायची, नवरात्र आले की निश्चिंत व्हायचे, हा महाराष्ट्रातील परिपाठ येथे उपयोगी पडत नाही. बंगळूरचा पाऊस एप्रिल-मे महिन्यांतील वळिवापासूनच सुरू होतो, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सर्वाधिक पडतो आणि ईशान्य मोसमी वाऱ्यांमुळे नोव्हेंबरपर्यंत रेंगाळतो. वर्षाचा एकूण पाऊस हजार मिलिमीटरच्या आसपासच असला, तरी तो सात-आठ महिन्यांत विभागलेला असतो. त्यामुळे एकदा आत ओल धरलेल्या गाडीला पूर्ण वाळण्याची सवड मिळत नाही. त्यातच बहुतेक गाड्या इमारतींच्या तळघरातील वाहनतळावर उभ्या असतात, जेथे ऊन पोहोचत नाही आणि वाराही खेळत नाही.

दहा-बारा वर्षे वापरलेल्या अशा गाडीचे दार उघडताच कुबट वास येतो, सकाळी काचा आतून धूसर दिसतात, आसनाच्या शिवणीवर पांढुरके किंवा हिरवट ठिपके उमटतात. यावर सर्वत्र केला जाणारा उपाय म्हणजे सुगंधी डबी. कोणी कापराच्या वड्या ठेवतो, कोणी धूप फिरवतो. वास झाकला जातो, ओल मात्र जागेवरच राहते. पुढची पायरी म्हणजे आतून संपूर्ण धुलाई. पैसे मोजून गाडी स्वच्छ होते आणि दोन पावसांनंतर बुरशी पुन्हा उगवते. बुरशीचे सूक्ष्म बीजाणू हवेत सर्वत्र असतातच. त्यांना रुजण्यासाठी फक्त ओलावा हवा असतो. कापड किंवा फोम ओला राहिला, तर २४ ते ४८ तासांत वाढ सुरू होऊ शकते. म्हणून कामाचा क्रम महत्त्वाचा आहे : आधी पाण्याची वाट शोधणे, मग ती बंद करणे, त्यानंतर गाडी वाळवणे आणि सर्वांत शेवटी बुरशी काढणे. हा क्रम उलटा झाला की खर्च वाया जातो.

पाण्याची वाट शोधणे हेच यातील खरे कौशल्याचे काम होय. कारण पाणी जेथे साचलेले दिसते, तेथून ते क्वचितच आत आलेले असते. पत्र्याच्या वळणांतून आणि वायरींच्या आधाराने ते वाहत जाते व सर्वांत खोल जागी थांबते.

प्रथम एक साधा प्रश्न विचारावा : पाऊस नसतानाही गाडी ओली होते काय? कोरड्या दिवसात एसी लावून लांबचा प्रवास केल्यावर पुढच्या डाव्या आसनासमोर पायाखाली स्वच्छ, वासरहित पाणी आढळले, तर तो पावसाचा दोष नव्हे. एसीच्या कूलिंग कॉइलवर हवेतील बाष्पाचे पाणी होते आणि ते एका लहान नळीने गाडीखाली ठिबकते. ती नळी धूळ-केरकचऱ्याने तुंबली की पाणी आत उतरते. नळी साफ करणे हे अल्प खर्चाचे काम आहे. याउलट, पाणी किंचित चिकट व रंगीत असेल, गोडसर वास येत असेल आणि पुढच्या काचेवर आतून तेलकट थर धरत असेल, तर हीटर कॉइलमधून इंजिनाचे कूलंट गळत आहे असे समजावे. कूलंट विषारी असते. या दुरुस्तीत चालढकल करू नये.

पावसानंतरच ओल येत असेल, तर पहिली तपासणी वायपरखालच्या जाळीची करावी. पुढच्या काचेवरून ओघळणारे पाणी या जाळीखालच्या पन्हळीत जमते व दोन्ही बाजूंच्या छिद्रांतून खाली जाते. याच पन्हळीतून ब्लोअर बाहेरची हवा आत घेतो. छिद्रे बुजली की पाण्याची पातळी चढते आणि ते हवेच्या वाटेनेच आत शिरते. बंगळूरच्या वृक्षवैभवाचे कौतुक सर्वांनाच आहे; परंतु गुलमोहराचा बहर नेमका एप्रिल-मेमध्ये, म्हणजे वळिवाच्या तोंडावर येतो, आणि पर्जन्यवृक्षाची बारीक पाने तर जाळीतून सहज आत जातात. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीची ही पन्हळ मे महिन्यापूर्वी एकदा आणि सप्टेंबरपूर्वी पुन्हा एकदा हाताने साफ केली, तर निम्मी चिंता मिटते. त्याच वेळी केबिन फिल्टर ओला आहे का, तेही पाहावे.

दाराविषयी मोठाच गैरसमज आढळतो. दाराच्या पत्र्याच्या पोकळीत पाणी जाणे हा दोष नसून ती रचनाच तशी आहे. काच वरखाली होताना तिच्या बाजूने पावसाचे पाणी दारात उतरते व तळाच्या छिद्रांतून बाहेर पडते. आतल्या बाजूस, दाराच्या सजावटी पॅनेलमागे, एक प्लॅस्टिकचा पडदा चिकटवलेला असतो; तो हे पाणी प्रवाशांच्या बाजूस येऊ देत नाही. आता जुन्या गाडीचा इतिहास आठवावा. कधी नवे स्पीकर बसवले, कधी पॉवर विंडोची मोटर बदलली, कधी दाराचे कुलूप दुरुस्त झाले. प्रत्येक वेळी पॅनेल उघडले गेले, पडदा फाडून हात आत घातला गेला आणि पडदा पूर्ववत चिकटवण्याचे कष्ट कोणी घेतले नाहीत. वर्षानुवर्षे पायाखालचा गालिचा का भिजतो, याचे उत्तर बहुधा या दोन-तीनशे ग्रॅम वजनाच्या स्पीकरमध्ये दडलेले असते. मालक मात्र दाराचे रबर बदलत राहतो. पडदा फाटला असल्यास जाड प्लॅस्टिकचा नवा तुकडा कापून, न वाळणाऱ्या चिकट सीलंटने चहूबाजूंनी बसवावा. दाराच्या तळाची छिद्रेही मोकळी करावीत. दार उघडताना आत पाणी खळखळल्याचा आवाज येत असेल, तर ती बुजलेली आहेत आणि दार आतून गंजू लागले आहे असे निश्चित समजावे.

याचा अर्थ दाराचे रबर, म्हणजे गॅरेजच्या भाषेतील बीडिंग, नेहमीच निर्दोष असते असे नाही. त्याची परीक्षा सोपी आहे. कागदाची एक पट्टी बीडिंगवर ठेवून दार लावावे व पट्टी ओढून पाहावी. ती अडखळत निघाली तर दाब पुरेसा आहे. सहज निसटली तर तेथे फट आहे. (या कामी चलनी नोट वापरण्याचा मोह टाळावा, हे बँकेच्या नियतकालिकात सांगणे अस्थानी ठरू नये!) कित्येकदा बीडिंग खराब नसून दाराचे बिजागर सैल झालेले असते, तेव्हा दार नीट बसवून घेतले की पुरते.

डिकीतील पाण्याचे उगम निराळे असतात : मागच्या दिव्यांमागील गॅस्केट, अँटेनाचा तळ, छताच्या सांध्यावरील तडकलेला सीलंट. हे पाणी स्टेपनीच्या खळग्यात साचते आणि पंक्चर झाल्याखेरीज तिकडे कोणी फिरकत नाही. सनरूफ असलेल्या गाडीत छताच्या कोपऱ्यांतून खांबांमधून खाली जाणाऱ्या नळ्या असतात. त्या मऊ नायलॉनच्या दोरीने साफ कराव्यात. कडक तार किंवा हवेचा जोरदार झोत वापरल्यास नळीचा सांधा निखळतो आणि साधी तुंबण मोठ्या गळतीत रूपांतरित होते. पुढची काच पूर्वी कधी बदलली असेल, तर तिच्या कडांवरही संशय घ्यावा. अँबॅसॅडर किंवा प्रीमियर पद्मिनी जिवापाड जपणाऱ्यांची काच रबराच्या चौकटीत बसलेली असते. ते रबर कडक झाले की बाहेरून सीलंट थापण्यापेक्षा रबरच बदलणे श्रेयस्कर.

शंका पक्की करण्यासाठी पाण्याची चाचणी घ्यावी लागते. एका व्यक्तीने विजेरी घेऊन आत बसावे आणि दुसऱ्याने बाहेरून संथ धार सोडावी. आरंभ खालून करावा आणि प्रत्येक टप्प्यावर काही मिनिटे थांबून वर सरकावे. वरून सुरुवात केल्यास पाणी सर्वत्र पसरते व नेमके ठिकाण कळत नाही. उच्च दाबाचा पंप वापरू नये, तो निर्दोष सांध्यांतूनही पाणी आत ढकलतो. टँकरच्या पाण्यावर अवलंबून असणाऱ्या बेळ्ळंदूरमध्ये मोकाट नळी सोडणे योग्यही नव्हे. २०२४च्या उन्हाळ्यात बंगळूरच्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यास मनाई करून ५,००० रुपये दंड ठरवला होता, हे स्मरणात ठेवावे. साठवलेले पावसाचे दोन बादल्या पाणी आणि बागेची झारी एवढ्यावर ही चाचणी उत्तम होते.

गळती थांबल्यावर गाडी वाळवण्याचे काम येते आणि येथेच घाई होते. गालिचा वरून कोरडा लागतो, पण त्याखालचा जाड नमदा किंवा फोम कित्येक लिटर पाणी धरून असतो. वर रबरी पायपुसणी पसरलेली असतात, ती उरलीसुरली वाफही अडवतात. आसने काढून गालिचा पूर्ण उचलणे हाच खरा मार्ग. एअरबॅग असलेल्या गाडीत आसनाखालच्या पिवळ्या जोडण्यांना हात लावण्यापूर्वी बॅटरी सोडवून पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबावे. हे काम जाणत्या कारागिराकडेच द्यावे. आसनाखालच्या वायरी हिरव्या पडल्या आहेत का, हे त्याला आवर्जून पाहण्यास सांगावे. हे मोठे काम शक्यतो डिसेंबर ते मार्च या कोरड्या काळात उरकावे. एरवी एसी चालू ठेवल्याने आतील हवेतील बाष्प कमी होते. कापराने ते होत नाही.

बुरशी काढताना गाडी मोकळ्यावर आणून चारही दारे उघडावीत, एन-९५ मास्क व हातमोजे वापरावेत. दमा किंवा ॲलर्जी असणाऱ्यांनी आणि लहान मुलांनी दूरच राहावे. प्लॅस्टिक व रेक्झिन साबणाच्या पाण्याने किंवा पातळ केलेल्या व्हिनेगरने पुसावे. साधा घरगुती व्हॅक्यूम क्लीनर बीजाणू टिपण्याऐवजी गाडीभर उधळतो. सीटबेल्टला सौम्य साबणाखेरीज काहीही लावू नये, ब्लीचने त्याचा पट्टा कमकुवत होतो. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र केल्यास विषारी क्लोरीन वायू निर्माण होतो, त्यामुळे ते कधीही मिसळू नये. छताचे अस्तर ओल्या फडक्याने केवळ टिपावे. भिजले की त्याचा गोंद सुटून ते लोंबू लागते.

गळती आणि पूर यांत मात्र भेद केला पाहिजे. ४ सप्टेंबर २०२२च्या रात्री बंगळूरमध्ये १३० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला आणि बेळ्ळंदूर, यमलूर, सर्जापूर रस्ता हा सारा परिसर जलमय झाला. माणसांना ट्रॅक्टर व होड्यांतून बाहेर काढावे लागले, तळघरांतील गाड्या बुडाल्या. शहरातील सर्वांत मोठे असलेले बेळ्ळंदूर तळे सांडपाण्याच्या फेसामुळे आणि आगींमुळे यापूर्वीच देशभर चर्चेत आले होते; अशा भागातील पुराचे पाणी म्हणजे सांडपाणी मिसळलेले पाणी. त्यात भिजलेला गालिचा व फोम वाळवून वापरण्याच्या भरीस न पडता टाकून द्यावा. पाण्यात उभी राहिलेली गाडी सुरू करण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये. छायाचित्रे काढावीत, विमा कंपनीस तत्काळ कळवावे आणि गाडी ओढून न्यावी.

विम्याबाबत ग्राहकांची अनेकदा निराशा होते, ती या भेदामुळेच. सर्वसमावेशक पॉलिसीत पुराने झालेली हानी समाविष्ट असते. परंतु झीज, गंज आणि कालपरत्वे झालेला ऱ्हास वगळलेला असतो. झिजलेल्या बीडिंगमधून झिरपलेले पाणी दुसऱ्या प्रकारात मोडते. केवळ त्रयस्थ-पक्ष विमा असेल, तर पुराचीही भरपाई नाही, आणि जुन्या गाडीचे मालक बचतीसाठी नेमका तोच विमा घेतात. मान्य दाव्यातही रबर, नायलॉन व प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो. बुडालेली गाडी सुरू केल्याने इंजिनाचे झालेले नुकसान साध्या पॉलिसीत सहसा मिळत नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाची स्वतंत्र जोड घ्यावी लागते. पाच वर्षांहून जुन्या गाडीचे विमामूल्य उभयपक्षी ठरते. मोठ्या दुरुस्तीचा अंदाज हाती आल्यावर तो या रकमेशी ताडून पाहावा. तळाच्या पत्र्याला भोके पडली असतील, तर नवा गालिचा घालण्यात अर्थ नाही.

जुनी गाडी कर्ज घेऊन विकत घेणाऱ्यांसाठी हे सारे अधिकच महत्त्वाचे आहे. पूर्वीच्या कर्जाचा बोजा उतरल्याचा फॉर्म ३५ व बँकेचे ना-हरकत पत्र पाहण्याची सवय आता बहुतेकांना झाली आहे. तितक्याच काळजीने गाडीची आतली बाजू मात्र पाहिली जात नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर मातकट रेघ आहे का, ते पाहावे. आसनाच्या रुळांवरील गंज निरखावा. मग डिकीतील गालिचा उचलून, स्टेपनी बाजूस काढून खळग्यात बोट फिरवावे. दिव्याच्या गॅस्केटमधून झिरपलेले पावसाचे पाणी सहसा गंज आणि डाग मागे ठेवते. तेथे बारीक गाळ लागला, तर गाडी पुरात उभी होती असे समजून व्यवहार तेथेच थांबवावा.