खाडीच्या हवेवरचा ठपका

मिरा रोड आणि भाईंदर या दोन स्थानकांच्या आसपास ज्यांनी आयुष्याची दहा-वीस वर्षे घालविली आहेत, त्यांच्यापैकी कोणालाही आपल्या इमारतीच्या काळवंडलेल्या भिंतींचे कारण विचारावे, तर उत्तर ठरलेले असते: "खाडीची खारी हवा आहे, दुसरे काय होणार?" हे वाक्य मी सर्वसाधारण सभांतून ऐकले आहे, रंगकामाच्या कंत्राटदारांकडून ऐकले आहे, आणि एकदा तर, ज्या सद्गृहस्थांच्या स्वयंपाकघराच्या नळीतून बारा महिने तेरा काळ गळणारे पाणी खालच्या तीन मजल्यांच्या भिंतीवर काळा पट्टा उमटवीत उतरत होते, त्यांच्याच तोंडून, त्याच पट्ट्याकडे बोट दाखवीत उच्चारलेले ऐकले आहे. या समजाचा मला संताप येतो, आणि तो केवळ चुकीचा आहे म्हणून येतो असे नाही. समुद्र हलविता येत नाही, खाडी बुजविता येत नाही. तेव्हा हवेवर ठपका ठेवला, की फुटलेली नळी बदलण्याची जबाबदारी कोणावरच उरत नाही.

समज रुजला तो अगदीच निराधार रुजला असे म्हणता येणार नाही. उत्तरेस वसईची खाडी, नैर्ऋत्येस गोराई-मनोरीची खाडी, पश्चिमेस उत्तनचा समुद्रकिनारा आणि मध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली मिठागरे, अशा भूमीवर हे शहर उभे आहे. ज्या गावात मिठाच्या पांढऱ्या राशी रस्त्यावरून दिसत, तेथल्या माणसाने भिंतीवरील प्रत्येक विकाराचे खापर मिठावर फोडावे, हे स्वाभाविक आहे. पण स्वाभाविक म्हणजे खरे नव्हे. याच उत्तनच्या कोळीवाड्यात मासळी टिकावी म्हणून मीठ लावतात, आणि आपल्या घरी लोणच्याला बुरशी येऊ नये म्हणून आपण मिठाचे प्रमाण वाढवितो. जो पदार्थ बरणीत बुरशीचा शत्रू असतो, तोच भिंतीवर तिचा जनक होतो, हे मानण्यापूर्वी क्षणभर तरी थांबावयास हवे होते.

तो काळा थर आहे तरी काय? तो मीठ नव्हे, आणि केवळ धूळ किंवा धूरही नव्हे. ती सूक्ष्म सजीवांची वस्ती आहे. उष्ण व दमट प्रदेशांतील बाह्य भिंतींवर या वस्तीत प्राधान्य बहुधा सायनोबॅक्टेरियांचे, म्हणजे ज्यांना जुनी पाठ्यपुस्तके नील-हरित शैवाले म्हणत त्यांचे, असते. ब्राझीलमध्ये दीर्घकाळ संशोधन केलेल्या क्रिस्टीन गेलार्ड यांनी २००५ साली युरोप आणि लॅटिन अमेरिका येथील इमारतींवरच्या थरांची तुलना प्रसिद्ध केली, तीत युरोपात हिरव्या शैवालांचे आणि लॅटिन अमेरिकेत सायनोबॅक्टेरियांचे आधिक्य आढळले. यांच्यातील कित्येक जाती प्रखर उन्हापासून बचाव व्हावा म्हणून आपल्या पेशींभोवतीच्या आवरणात स्कायटोनेमिन नावाचे गडद तपकिरी रंगद्रव्य साठवितात. ती आवरणे एकावर एक चढली, त्यांत काळ्या बुरशीचे तंतू गुंतले आणि त्या चिकट जाळ्यात रस्त्याची धूळ अडकली, की दुरून भिंत डांबर ओतल्यासारखी दिसते. वैशाखात हा थर कोरडा ठणठणीत होऊन मेल्यासारखा पडून राहतो आणि मृगाच्या पहिल्या सरींनंतर काही तासांत पुन्हा जागा होतो. काही भिंतींवर दिसणारा नारिंगी मुलामा हाही गंज नसून बहुधा ट्रेन्टेपोलिया नावाचे शैवाल असते. जात हिरव्या शैवालांची, रंग मात्र गाजरातल्याच कुळातील द्रव्याचा.

या सजीवांना अन्न म्हणून हवेतला कर्बवायू आणि प्रकाश पुरतो. भिंतीकडून त्यांना हवे असते ते एकच, आणि ते म्हणजे दीर्घकाळ टिकणारी ओल. हवा बाहेरच्या सर्व भिंतींना जवळजवळ सारखीच लागते, ओल मात्र सारखी नसते. आणि माझा सगळा युक्तिवाद या एका भेदावर उभा आहे. वाचकाने आपल्याच इमारतीखाली उभे राहून वर पाहावे. खिडकीच्या उंबऱ्याची दोन टोके जेथे संपतात, तेथून खाली दोन काळ्या रेघा उतरलेल्या असतील, आणि त्यांच्यामधली भिंत तुलनेने स्वच्छ असेल. गच्चीच्या कठड्याचा माथा काळा असेल, त्याच्याखाली छज्ज्याने झाकलेला भाग उजळ असेल. सर्वांत अधिक काळोखी साठलेली असेल ती मागच्या डक्टमध्ये, जेथे समुद्राचा वारा जवळजवळ पोहोचतच नाही आणि सूर्यही पोहोचत नाही. आणि ज्या एअरकंडिशनरची नळी भिंतीवर सोडून दिलेली आहे, त्याच्याखाली ऐन एप्रिलमध्ये, पावसाचा थेंब पडलेला नसताना, हिरवा ओघळ असेल. दमट दिवसांत असे एक यंत्र तासाला लिटरभर पाणी सहज टाकते. खारी हवा जर कारण असती, तर तिने रेघा ओढून काम केले नसते.

अजूनही शंका उरत असेल, तर समुद्रापासून दूर जावे. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरास, जेथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि मीठ केवळ वाण्याच्या दुकानात भेटते, तेथील भिंती आपल्या भिंतींइतक्याच काळ्या-हिरव्या असतात. इतके दूर जाण्याचीही गरज नाही. आपल्या आग्नेयेच्या डोंगरांत, राष्ट्रीय उद्यानात, कान्हेरीच्या लेण्यांचा कातळ पाहावा: पाणी ज्या वाटेने वाहते, त्या वाटेवर काळे पट्टे, आणि बाजूचा खडक फिकट. त्या लेण्यांच्या कर्त्यांना पाण्याच्या वाटेचे महत्त्व ठाऊक होते; कातळात चर खोदून पाणी वळवून ते टाक्यांत साठविण्याची त्यांची योजना आजही जागेवर दिसते, आणि शिलालेखांत त्या टाक्यांना "पोढी" म्हटले आहे.

मिठाला मी सर्वस्वी निर्दोष ठरवीत नाही. साधे मीठ हवेची सापेक्ष आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की ओलावा शोषून पाझरू लागते, त्यामुळे क्षार बसलेली भिंत वाळावयास विलंब होतो. याहून गंभीर बाब म्हणजे क्षारातील क्लोराइड काँक्रीटच्या भेगांतून सळईपर्यंत पोहोचते, सळई गंजते, गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट असल्यामुळे काँक्रीट फुगून तडकते आणि एके दिवशी छज्ज्याचा तुकडा खाली येतो. हवेचे खरे अपराध हे आहेत. ज्यासाठी तिला दूषण द्यावयास हवे, ते सभेत कोणी बोलत नाही. आणि जे तिने केले नाही, त्यावर वर्षानुवर्षे ठराव मंजूर होतात.

याच गैरसमजाला जोडून दुसरा येतो: "पूर्वीचा रंग चांगला होता, पाच-सहा वर्षे डाग पडला नाही, आताच्या रंगात भेसळ आहे." वस्तुस्थिती अशी, की नव्या गिलाव्यात चुन्याचा अंश भरपूर असतो, त्याचा सामू बारा-तेराच्या घरात असतो आणि इतक्या अल्कधर्मी पृष्ठावर शैवाल तग धरीत नाही. पुढे हवेतला कर्बवायू त्या चुन्याशी संयोग पावत जातो, सामू उतरत उतरत नवाच्या आसपास येतो, पृष्ठभाग झिजून खडबडीत होतो आणि वस्तीला अनुकूल बनतो. जुन्या घरांना दरवर्षी चुन्याची सफेदी का देत, याचे एक कारण यातच आहे: प्रत्येक हाताबरोबर भिंतीला अल्कधर्मी थर नव्याने मिळे. शिवाय त्या घरांना रुंद वळचण होती, पडवी होती, आणि पावसाची झड ज्या बाजूने येई तिकडे झापांचा आडोसा बांधण्याची तजवीज आषाढापूर्वी केली जाई. आपण छज्जे तोकडे केले, त्यांच्या खालच्या कडेची, पाणी तोडून खाली सोडणारी खाच दुरुस्तीच्या वेळी सिमेंटने बुजवून टाकली, आणि जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडणारे दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाणी भिंतीच्या अंगावरून वाहू दिले.

मग उपाय म्हणून येतो तो जाड, रबरासारखा ताणला जाणारा "वॉटरप्रूफ" रंग. भिंत आधी कोरडी असेल, भेगा भरलेल्या असतील, तर तो उपयोगी आहे. पण आतून गळणाऱ्या नळीने भिजलेल्या भिंतीवर तो चढविला, की आतली वाफ बाहेर पडू शकत नाही, दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत फुगवटे येतात आणि पापुद्रे लोंबू लागतात. माझ्या माहितीतील एका संस्थेने सभासदांकडून वर्गणी काढून असा रंग दिला आणि तीन वर्षांच्या आत परांच्या पुन्हा बांधल्या. गळका पाइप मात्र दोन्ही वेळा कंत्राटाच्या तपशिलात नव्हता. रंगात मिसळलेले शैवालनाशक द्रव्य कायमचे असते, हीही समजूत तशीच. ते पाण्याबरोबर झिरपून निघून जाते, आणि सुरुवातीच्या पावसांत त्याचे प्रमाण सर्वाधिक असते, हे स्वित्झर्लंडमधील निरीक्षणांनी दाखविले आहे. आपल्याकडे त्या पाण्याची पुढची वाट गटारातून खाडीकडे आणि खारफुटीकडे जाते, हे मनात ठेवावे.

उरलेल्या समजुती थोडक्यात सांगतो. भिंतीवरचे पांढरे, पिठासारखे पदर म्हणजे बुरशी नव्हे, तो लोणा. पाणी शिंपडले की विरघळतो, बुरशी विरघळत नाही. ॲसिडने भिंत "स्वच्छ" होते ती तिच्यातला चुना खाऊन, आणि खडबडीत झालेल्या पृष्ठावर पुढच्या वर्षी अधिक शैवाल बसते. ब्लीचिंग पावडरीने रंग उडतो आणि वरचा थर मरतो, पण रंध्रांत खोल गेलेले जीव उरतात. ती ॲसिडबरोबर तर कदापि मिसळू नये, कारण त्यातून निघणारा क्लोरीन वायू परांचीवरील मजुराचा जीव घेऊ शकतो. जोरदार फवाऱ्याच्या यंत्राने थर निघतो, पण कमकुवत गिलावाही निघतो आणि पाणी भेगांत शिरते. बाहेरच्या भिंतीचा काळा रंग पाहून "विषारी काळी बुरशी" म्हणून घाबरण्याचे कारण नाही. घराच्या आतल्या बाजूस ओल असेल, तर मात्र ती गंभीरपणे घ्यावी, कारण जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शिकेत घरातील ओल व बुरशीचा संबंध दमा आणि श्वसनाच्या तक्रारींशी स्पष्टपणे जोडलेला आहे, आणि पहिला उपाय म्हणून ओलीचाच बंदोबस्त करण्यास सांगितले आहे. भिंतीत उगवलेले पिंपळाचे रोप शेंड्याकडून छाटले म्हणजे काम झाले, असेही नाही; मूळ भिंतीत जिवंत राहते आणि भेग रुंदावते.

आता क्रम कोणता असावा? प्रथम पाण्याच्या वाटा: गच्चीवरचे उतार व जाळ्या, पावसाच्या पाण्याचे डाउनटेक, डक्टमधल्या मलजलाच्या नळ्या, छज्ज्यांच्या खाचा, खिडक्यांचे उंबरे, एअरकंडिशनरच्या नळ्या एका सामायिक पाइपात सोडणे. त्यानंतर भेगा आणि गंजलेल्या सळया. मग मऊ ब्रशाने व बेताच्या दाबाच्या पाण्याने धुणे, शैवालनाशक द्रावण लावून कंपनीने सांगितलेली मुदत पाळणे, भिंत पूर्ण वाळू देणे, आणि सर्वांच्या शेवटी वाफेला वाट देणारा रंग. नव्या गिलाव्यावर घाईने रंग चढवू नये. म्हणून पाऊस ओसरला की, ऑक्टोबरपासूनच, काम सुरू करावे. मे महिन्याच्या अखेरीस परांची बांधणे म्हणजे ओल्या गिलाव्यावर रंग फासण्याची पूर्वतयारी होय.

पैशाचा प्रश्न निघतो, तेव्हा दप्तर उघडावे. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार प्रत्येक गाळ्याच्या बांधकामखर्चाच्या किमान ०.७५ टक्के दरसाल दुरुस्ती निधीस आणि किमान ०.२५ टक्के सिंकिंग फंडास जमा व्हावयाचे असतात. १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी पाच वर्षांतून एकदा, आणि त्याहून जुनीची तीन वर्षांतून एकदा करावयाची असते. येथील पुष्कळशा वसाहती विसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत उभ्या राहिल्या. म्हणजे त्यांतील ज्यांनी तीस वर्षे ओलांडली, त्यांना तीन वर्षांचा नियम आता लागू आहे. बाहेरील भिंती आणि सामायिक नळ्या यांची दुरुस्ती संस्थेच्या खर्चाने व्हावी, अशीच उपविधींची योजना आहे, त्यामुळे "वरच्यांनी करावे की खालच्यांनी" हा वाद अनेक ठिकाणी मुळातच अनावश्यक असतो.

तेव्हा येत्या जुलैत, पाऊस ऐन भरात असताना, संस्थेच्या दोन-तीन सभासदांनी छत्र्या घेऊन इमारतीच्या चारही बाजूंनी आणि डक्टमध्ये अर्धा-पाऊण तास उभे राहावे, भिंतींचा साधा नकाशा कागदावर काढावा, आणि पाणी कोठून फुटते, कोठे थांबते, कोठे भिंतीला चिकटून उतरते, ते मजलावार नोंदवावे. तो कागद इतिवृत्ताला जोडावा आणि पुढे कंत्राट देताना, रंगाच्या छटांचे पुस्तक उघडण्याआधी, कंत्राटदारापुढे ठेवावा.