खो-खो : सांधे व स्नायू यांचे कार्य

खो-खो या महाराष्ट्रात विकसित झालेल्या मैदानी खेळात उठणे, धावणे, एकाएकी थांबणे, वळणे व सूर मारणे या क्रिया क्षणाक्षणाच्या अंतराने घडतात. त्यामुळे सांधे व स्नायू यांच्या परस्परसंबंधाच्या अभ्यासास हा खेळ विशेष उपयुक्त ठरतो. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये त्याचे नियम तयार केले. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्ली येथे झालेल्या पहिल्या विश्वचषक स्पर्धेत भारताचे पुरुष व महिला हे दोन्ही संघ विजयी झाले.

स्नायू हाडास केवळ ओढू शकतो, ढकलू शकत नाही. म्हणून प्रत्येक सांध्याभोवती परस्परविरोधी कार्य करणारे स्नायू असतात. जोर लावताना स्नायू आखूड होतो, त्याची लांबी कायम राहते किंवा बाह्य भारामुळे तो ताणला जात असतो. या तिसऱ्या अवस्थेत तो गतिरोधकाचे काम करतो.

बैठक व उठाव : पाटीवर बसलेल्या खेळाडूचे खुबे, गुडघे व घोटे दुमडलेले असतात. ‘खो’ मिळताच नितंबस्नायू खुब्यास, मांडीच्या पुढील बाजूचा चतुःशिरस्क स्नायू गुडघ्यास व पोटरीचे स्नायू घोट्यास सरळ करतात. या तीन क्रियांचा मेळ जितका चांगला, तितका उठाव वेगवान होतो.

पळती व हुलकावणी : साखळी पद्धतीने पळणारा खेळाडू वारंवार दिशा बदलतो. प्रत्येक वळणापूर्वी शरीराचा वेग रोखावा लागतो व हे काम मुख्यतः चतुःशिरस्क व नितंबस्नायू ताणले जात असताना करतात. गुडघा हा प्रामुख्याने बिजागरीसारखा सांधा असून तो वाकलेला असतानाच थोडासा फिरू शकतो. पाऊल जमिनीवर रोवलेले असताना गुडघा आत झुकून पिळला गेल्यास त्यातील अग्र स्वस्तिक बंध फाटू शकतो. अशी इजा प्रतिस्पर्ध्याचा धक्का न लागताही होते. वयात आलेल्या मुलींमध्ये तिचे प्रमाण मुलांपेक्षा अधिक आढळते. मातीत पाऊल काहीसे घसरते. अधिक घर्षणाच्या पृष्ठभागावर ते अडकून राहते व पिळाचा भार गुडघ्यावर येतो.

खांब व सूर : खांब धरून वळताना खांद्यावर मोठा ताण येतो. खांद्याच्या सांध्याची खोबण उथळ असल्याने त्यास विस्तृत हालचाल लाभते, परंतु स्थैर्य कमी असते. भुजास्थीचे शीर्ष खोबणीत राखण्याचे काम त्याभोवतीचे चार लहान स्नायू करतात. सूर मारताना पोटाचे व पाठीचे स्नायू धड ताठ ठेवतात.

प्रशिक्षण : केवळ वेग वाढविणारा सराव अपुरा असतो, वेग रोखण्याचे शिक्षणही तितकेच आवश्यक आहे. उडी घेऊन गुडघे वाकवून हलकेच उतरणे, एका पायावर तोल सांभाळणे व मांडीच्या मागील स्नायूंचे बलवर्धन यांचा नियमित सरावात समावेश केल्यास गुडघ्याच्या इजा कमी होतात. वळताना गुडघा पावलाच्या दिशेतच राहील, याकडे शिक्षकाने लक्ष द्यावे. वळताना ‘टप’ असा आवाज होऊन गुडघा लवकर सुजल्यास खेळ तत्काळ थांबवावा. चोळणे, ओढणे टाळून वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. सूज ओसरली म्हणजे बंध सांधला गेला, असे नव्हे. अशा अस्थिर गुडघ्यावर पुन्हा खेळल्यास सांध्यातील कूर्चाही फाटते व तरुण वयातच सांध्याची झीज सुरू होण्याचा संभव असतो.