टेबल किती सरकलं, ते टेबललाच विचारा

घरातलं वर्कशॉप : लेखांक ९

गेल्या आठवड्यात आपण गिब आवळून मिलिंग मशीनच्या टेबलाची डुगडुग काढली आणि लीडस्क्रूचा बॅकलॅश मोजला. तो शून्यावर आला नाही म्हणून हिरमुसू नका. साध्या स्क्रू-नटावर तो कधीच शून्य होत नाही. मशीन जुनं असेल तर टेबलाच्या मध्यावर एक आकडा येतो आणि टोकाला दुसराच, कारण स्क्रू झिजतो तो मधल्या पट्ट्यात, जिथे रोजचं काम चालतं. मग या स्क्रूच्या टोकाला बसलेल्या डायलवर विश्वास किती ठेवायचा?

डायलला टेबल कुठे आहे हे मुळात माहीतच नसतं. हँडल किती फिरलं, एवढंच तो सांगतो. समजा, स्क्रू एका फेऱ्याला टेबल २.५ मिमी सरकवतो आणि डायलवर ५० रेघा आहेत. म्हणजे रेघेला ०.०५ मिमी. पहिल्या भोकापासून दुसरं भोक ७३.४० मिमीवर मारायचंय. एकोणतीस फेरे आणि वर अठरा रेघा. सतराव्या फेऱ्याला दारावरची बेल वाजली की मोजणी गेली. नेमक्या रेघेच्या जरा पुढे गेलात तर सरळ मागेही येता येत नाही. बॅकलॅशपेक्षा जास्त मागे जायचं आणि पुन्हा त्याच दिशेने हळूहळू रेघेवर यायचं. जुने फिटर हे सगळं आयुष्यभर करत आले आणि उत्तम करत आले. पण त्यांना दिवसाचे आठ तास हाच सराव होता. रविवारी दुपारी दोन तास मशीनपाशी उभं राहणाऱ्याने त्यांच्याशी बरोबरी करण्याचा हट्ट का धरावा?

डिजिटल रीडआउट, म्हणजे कारखान्यातल्या बोलीत डीआरओ, स्क्रूला वगळून थेट टेबलाशी बोलतो. टेबलाला एक स्केल बसवायची आणि तिच्यावरून सरकणारं रीडर हेड सॅडलला. आता स्क्रू झिजलेला असो, नट सैल असो. टेबल सॅडलच्या तुलनेत जेवढं सरकलं तेवढाच आकडा दिसणार.

घरगुती मशीनसाठी सर्रास मिळते ती काचेची स्केल. ॲल्युमिनियमच्या चौकोनी नळीत काचेची पट्टी असते आणि तिच्यावर दर २० मायक्रॉनला एक, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये पन्नास, अशा आलटून पालटून काळ्या-पारदर्शक रेघा. रीडर हेडमध्ये एका बाजूला प्रकाश देणारा एलईडी, दुसऱ्या बाजूला प्रकाश टिपणारे सेन्सर आणि मध्ये तशाच रेघांचा एक छोटा तुकडा. हेड सरकलं की रेघांवर रेघा येतात-जातात आणि प्रकाश कमीजास्त होतो. रेघांच्या दोन जाळ्या एकमेकींवर ठेवल्या की सूक्ष्म हालचालही ठळक पट्ट्यांच्या रूपात दिसते, हे लॉर्ड रॅले यांनी १८७४ मध्येच लिहून ठेवलं होतं. मशीन टूलवर त्याचा उपयोग व्हायला मात्र १९५०चं दशक उजाडावं लागलं. एडिनबरोच्या फेरांटी कंपनीने तेव्हा याच तत्त्वावर मिलिंग मशीनचं नियंत्रण केलं.

सेन्सरकडून दोन सिग्नल येतात आणि दुसरा पहिल्यापेक्षा पाव टप्प्याने मागे असतो. कोणता आधी बदलला यावरून दिशा कळते. दोन्ही मिळून एका रेघेमागे चार बदल देतात, म्हणून २० मायक्रॉनचे चार भाग होऊन ५ मायक्रॉनचा आकडा मिळतो. १ मायक्रॉनच्या स्केलमध्ये याच्या पुढची विभागणी इलेक्ट्रॉनिक्स करतं. दुकानदार १ मायक्रॉनची स्केल गळ्यात मारू पाहील. घेऊ नका. ज्या मशीनचं टेबल लॉक करतानाच १० मायक्रॉन हलतं, त्याच्यावर शेवटचा आकडा नुसता नाचत राहतो आणि तुम्ही त्याच्यामागे धावत बसता. ५ मायक्रॉन पुष्कळ झाले.

चुंबकीय पट्टीची स्केलही मिळते. ती हव्या त्या लांबीला कापता येते, जागा कमी खाते आणि कूलंटला दाद देत नाही. टेबलामागे जागाच नसेल तर तीच घ्यावी. डिजिटल कॅलिपरच्या तत्त्वावरच्या स्वस्त कपॅसिटिव्ह पट्ट्यांवर मात्र कूलंटचा ओलावा पोचला की आकडे भरकटतात. ड्रिल मशीनच्या क्विलवर त्या ठीक आहेत; मिलिंगच्या टेबलाला नकोत.

आता लांबी. टेबलाची पूर्ण चाल हँडल फिरवून प्रत्यक्ष मोजा. कॅटलॉगमधल्या आकड्यावर जाऊ नका. स्केलची कामाची लांबी त्या चालीपेक्षा थोडी जास्त हवी. चाल संपण्याआधी हेड स्केलच्या टोकावर आदळलं तर काच गेलीच समजा. शिवाय स्केलची एकूण लांबी कामाच्या लांबीपेक्षा साधारण सव्वाशे ते दीडशे मिमी जास्त असते. लहान टेबलावर ती बाहेर डोकावते की काय, हे पुठ्ठ्याचा तुकडा कापून आधीच बघून घ्यावं.

एक्सची स्केल टेबलाच्या पुढे लावायची की मागे, यावर दोन तट आहेत. मागे लावली की ती हाताच्या वाटेत येत नाही, पण स्केल आणि तिचं कव्हर यांच्या जाडीएवढी वायची चाल कमी होते, कारण टेबल कॉलमला तेवढं आधी टेकतं. मोठ्या टरेट मिलिंगला हे जाणवत नाही. ज्या छोट्या बेंचटॉप मशीनची वायची चालच दीडशे मिमीच्या आसपास, तिथे २५ मिमी गमावणं फार झालं. पुढे लावली तर चाल वाचते. पण टेबलाचे लॉक आणि स्टॉपर झाकले जातात आणि प्रत्येक जॉबचा कीस थेट तिच्यावर पडतो. छोट्या मशीनसाठी माझं मत बारीक बांध्याची स्केल मागे लावण्याच्या बाजूने आहे. कोणत्याही जागी, हेड ज्या फटीतून आत जातं ती रबरी ओठांची फट खाली किंवा कटरच्या विरुद्ध बाजूला असली पाहिजे. वर तोंड करून लावलेली स्केल म्हणजे कूलंट साठवायची पन्हळ.

वायची स्केल बेसच्या किंवा नीच्या बाजूला आणि हेड सॅडलवर. ते सोपं आहे. झेडला विचार करावा लागतो, कारण अनेक मशीनवर उभी चाल दोन ठिकाणी असते: पूर्ण हेडस्टॉकची (किंवा नीची) आणि क्विलची. एकच स्केल घेणार असाल तर खोली ज्या चालीने देता तिथे लावा. बहुतेकांच्या कामाला आधी एक्स-वाय पुरतात.

आता ब्रॅकेट. स्केल बसवण्याच्या कामात मला सगळ्यात जास्त वेळ द्यावासा वाटतो तो इथेच. रीडर हेड सॅडलला धरून ठेवणारा तो तुकडा बहुतेक जण ३ मिमीची पट्टी वाकवून बनवतात, कारण हेडवर कसला भार येतो म्हणा! भार येतो. रबरी ओठ हेडला दोन्ही दिशांना थोडं ओढून धरतात. ब्रॅकेट लांब आणि लवचीक असेल तर टेबल उजवीकडे जाताना ते जरा एका बाजूला वाकतं, डावीकडे जाताना दुसऱ्या. म्हणजे स्क्रूच्या वाटेने घालवलेला बॅकलॅश ब्रॅकेटच्या वाटेने घरात परत. ८-१० मिमी जाडीचा ॲल्युमिनियमचा फ्लॅट, शक्य तेवढा आखूड, दोन स्क्रूंवर घट्ट. सॅडलपासून हेड लांब पडत असेल तर पट्टी लांबवण्याऐवजी मध्ये ठोकळा घाला.

टेबलाची मागची बाजू मशीन केलेली असेल तर स्केल सरळ तिच्यावर बसते. बेस आणि कॉलम बहुधा ओतीव आणि वर पुट्टी-रंग, म्हणजे पृष्ठभाग सपाट नसतो. तिथे आधी ॲल्युमिनियमची जाड बॅकिंग पट्टी लावावी आणि तिच्या चारही कोपऱ्यांत ग्रब स्क्रू ठेवावेत, म्हणजे पट्टी पुढे-मागे ढकलून समांतर करता येते. शिमचे तुकडे सरकवत बसण्यापेक्षा हे कितीतरी सुखाचं.

भोकं मारताना: एम५ च्या टॅपला ४.२ मिमीचं ड्रिल, एम६ ला ५ मिमीचं. कास्ट आयर्न कोरडंच ड्रिल करा. त्याचा काळा भुगा तेलात मिसळला की पेस्ट होते आणि ती गाइडवेवर गेली की पॉलिश पेपरचं काम करते. खाली कापड पसरा, भुगा व्हॅक्यूमने ओढा, फुंकर मारू नका. टी-स्लॉटचा तळ किती खोल आहे ते मागच्या बाजूवर आखून घ्या, नाहीतर ड्रिल स्लॉटमध्ये निघेल.

मग समांतरता. कंपनीचा कागद सांगतो की स्केल टेबलाच्या चालीशी ०.१ मिमीच्या आत समांतर हवी. म्हणून पपी डायल स्केलच्या अंगावर टेकवायचा, टेबल या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायचं, वरच्या बाजूने एकदा आणि समोरून एकदा. हे केलंच पाहिजे. पण कशासाठी, ते नीट समजून घ्या. माप चुकेल म्हणून नव्हे. हिशोब करा: ३०० मिमी लांबीत स्केल चांगली १ मिमी तिरकी बसली तरी मापातली चूक निघते जेमतेम दीड-दोन मायक्रॉन. खरी भीती वेगळी आहे. हेड आणि स्केलचं अंग यांच्यात मिलिमीटर-दीड मिलिमीटरची फट असते आणि आतली छोटी गाडी स्प्रिंगच्या जोरावर काचेवर धावते. स्केल तिरकी असेल तर ही गाडी चालीच्या एका टोकाला दाबली जाते, दुसऱ्या टोकाला सुटते, आणि वर्षभरात सिग्नल तुटायला लागतो. स्केलसोबत हेड धरून ठेवणाऱ्या रंगीत प्लॅस्टिकच्या क्लिपा येतात. त्या फट बरोबर राखतात. सगळे स्क्रू आवळून झाल्यावरच त्या काढा.

मापात खरी चूक शिरते ती दुसऱ्याच दारातून. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट अॅबे यांनी १८९० मध्ये मांडलेलं तत्त्व सांगतं की मोजपट्टी आणि मोजायची वस्तू एकाच रेषेत हवी. आपली स्केल टेबलामागे, कटर तिच्यापासून समजा १२० मिमी पुढे. गिब सैल असल्याने टेबल चालीत ३०० मिमीला ०.०५ मिमी एवढं वळलं, तर स्केल आणि कटर यांच्यात ०.०२ मिमीचा फरक पडतो आणि डिस्प्ले त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. गेल्या आठवड्यात गिबवर एवढा वेळ घालवला तो यासाठीच.

वायरिंगचं फार नाही. केबलला टेबलाच्या पूर्ण चालीएवढं ढिलं वळण ठेवा आणि ते कीसाच्या वाटेत येऊ देऊ नका. डिस्प्ले आणि मशीन दोघांचं अर्थिंग खरोखर आहे का, ते टेस्टरने तपासा. स्पिंडलला व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) असेल तर त्याची मोटर-केबल आणि स्केलची केबल एकत्र बांधू नका. स्पिंडल सुरू करताच आकडे उड्या मारत असतील तर पहिला संशय तिथे. मोजणीची दिशा सेटिंगमधून ठरवता येते. आकडा टेबलाचा नाही, जॉबवरच्या कटरचा समजायचा: टेबल डावीकडे गेलं की एक्स वाढला पाहिजे, आपल्याकडे आलं की वाय वाढला पाहिजे.

तपासणी दोन टप्प्यांत करा. टेबलावर एक ठोकळा पकडून त्याला स्पिंडलमधला पपी डायल टेकवा. उजवीकडून येऊन डायल शून्यावर आणा, डीआरओही शून्य करा. मग पुढे जाऊन डावीकडून परत डायलच्या शून्यावर या. डीआरओचा आकडा ०.०१ मिमीहून जास्त चुकला तर ब्रॅकेट पुन्हा बनवा. दुसरा टप्पा स्लिप गेजचा: ठोकळ्यापुढे १०० मिमीचा गेज ठेवा, काढा, दोन्ही वेळा डायल शून्यावर आणा आणि फरक वाचा. थोडी ठरावीक चूक दिसली तर डिस्प्लेमध्ये भरपाईचा आकडा भरता येतो. पण हे एसी नसलेल्या शेडमध्ये भर दुपारी करू नका. मापाचं प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस आहे आणि मे महिन्यात नागपूरच्या पत्र्याखाली सहज ४० होतं. काच दर अंशाला दशलक्षात सुमारे ८ भाग वाढते, पोलाद साडेअकरा, ॲल्युमिनियम २३. त्या उकाड्यात ३०० मिमीवर मारलेलं भोक पोलादात २० मायक्रॉननी आणि ॲल्युमिनियममध्ये ९० मायक्रॉननी हुकेल, मग थंड झाल्यावर मोजून बघा.

डीआरओ बसला म्हणून बॅकलॅश गेला असं समजून क्लाइम्ब मिलिंगला हात घालू नका. तो आकड्यातून गेलाय, नटातून नाही. कटर टेबलाला त्या सैलपणाएवढं आपल्याकडे खेचून घेणारच. ज्या अक्षावर कट चालू नाही तो लॉक करा आणि लॉक करताना डिस्प्लेकडे लक्ष ठेवा. टेबल किती हलतं ते पहिल्यांदा बघून बहुतेकांना धक्का बसतो, कारण हँडलच्या डायलवर ते कधी दिसलेलंच नसतं.

ब्रिटिश प्लॅनवरून वाफेची इंजिनं बनवणाऱ्यांसाठी एक सोय: एका बटणावर डिस्प्ले इंचात जातो, तेव्हा १ ३/१६ इंचाचं मिमीत रूपांतर करत बसायला नको.

पुढच्या लेखांकात एज फाइंडर, जॉबचा मध्य काढणारं अर्ध्याचं बटण, आणि सहा भोकांचा फ्लँज डिव्हायडिंग हेडला हात न लावता पीसीडी फंक्शनवर कसा मारायचा ते पाहू. १० मिमी टोकाचा एज फाइंडर आणि मातीमोलाचा एक गोल ॲल्युमिनियमचा तुकडा हाताशी ठेवा.