सेनापति बाहेरून आणावा काय?

अमेरिकेंतील कोलोराडो संस्थानाची राजधानी जें डेन्व्हर शहर, तेथील लोकांत इ. स. २०२२ च्या पहिल्या दोन-अडीच महिन्यांत एकच वाद चालू होता. वादाचा विषय राज्यकारभाराचा नव्हता, धर्माचा नव्हता, धान्याच्या भावाचाहि नव्हता. ‘ब्राँकोज’ ह्या नांवाचा त्या शहराचा जो फुटबॉलचा संघ आहे, त्यानें आपले भावी काळांतील हक्क देऊन दुसऱ्या संघाचा नामांकित खेळाडू मिळवावा कीं मिळवूं नये, एवढाच काय तो प्रश्न. परंतु त्या प्रश्नानें बापलेकांत, शेजाऱ्याशेजाऱ्यांत आणि एकाच कचेरींत बसणाऱ्या कारकुनांत दोन तट पाडले होते. आम्ही त्या सुमारास आमच्या भाच्याकडे त्याच शहरीं राहिलों होतों, म्हणून हा वाद आम्हांस दोन्ही बाजूंनीं ऐकावयास मिळाला. खेळाचा विषय म्हणून कित्येक वाचक पान उलटण्याच्या बेतांत असतील, त्यांस आमची विनंति कीं, क्षणभर थांबावें. ह्या प्रकरणांत प्रपंचाचा भाग बराच आहे.

प्रथम खेळाविषयीं दोन शब्द सांगणें भाग आहे. अमेरिकन लोक ज्याला फुटबॉल म्हणतात त्यांत चेंडूस पाय क्वचितच लागतो. चेंडू लांबट, दोन्ही टोकांस निमुळता. तो हातांत धरून पळावयाचें किंवा फेंकावयाचें. मैदान शंभर यार्ड लांब, एका बाजूस अकरा गडी, आणि चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढें सरकलें नाहीं तर चेंडू प्रतिपक्षाच्या स्वाधीन, असा साधारण नियम आहे. प्रत्येक प्रयत्नाच्या आरंभीं चेंडू ज्याच्या हातीं येतो, व तो कोणाकडे द्यावा अथवा फेंकावा हें ज्याला दोन-तीन सेकंदांत ठरवावें लागतें, तो क्वार्टरबॅक. आपण त्यास सेनापति म्हणूं. समोरून साडेतीन-साडेतीन मणांचे गडी अंगावर धांवून येत असतां चित्त स्थिर ठेवून हा निर्णय करावयाचा असतो; त्यामुळें असा पुरुष दुर्मिळ. व्यावसायिक संघ एकंदर बत्तीस, आणि खरोखर भरंवशाचे सेनापति त्यांच्या निम्म्यानेंहि निघत नाहींत. उरलेल्या संघांची दशा काय होत असेल ती उपवर कन्येच्या पित्यास सांगावयास नकोच.

बरें, असा गडी पैसे टाकून विकत घ्यावा म्हटलें तर तसेंहि नाहीं. आपल्याकडे आयपीएलमध्यें लिलाव होतो. युरोपांत पॅरिसच्या संघानें २०१७ सालीं नेमार ह्या एका खेळाडूसाठीं बार्सिलोनाच्या संघास २२ कोटि २० लक्ष युरो मोजले. अमेरिकेंतील ह्या खेळाची रीत निराळी. दरवर्षीं एप्रिल महिन्यांत महाविद्यालयांतील तरुण खेळाडूंची निवड सात फेऱ्यांत होते; तिला ‘ड्राफ्ट’ म्हणतात. गेल्या हंगामांत जो संघ सर्वांत खालीं, त्याची पाळी सर्वांच्या आधीं. विजेत्याची सर्वांच्या शेवटीं. दुबळ्यास पुन्हां उभें राहतां यावें म्हणून ही योजना. ही पाळी हेंच तेथलें नाणें. नामांकित सेनापति हवा असेल तर पुढील दोन-तीन वर्षांच्या पाळ्या आणि घरचे कांहीं गडी समोरच्या संघास द्यावयाचे. शिवाय प्रत्येक संघाच्या एकंदर वेतनास मर्यादा असते. २०२२ सालीं ती २० कोटि ८२ लक्ष डॉलर होती. त्रेपन्न गड्यांचा योगक्षेम एवढ्यांत चालवावयाचा. एकाच्या पानांत अधिक वाढलें कीं दुसऱ्याच्या पानांतलें कमी झालें. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस हा हिशेब अधिक फोडून सांगण्याचें कारण नाहीं.

डेन्व्हरची नड मोठी होती. २०१६ च्या फेब्रुवारींत पेटन मॅनिंग हा सेनापति असतां त्यांनीं अजिंक्यपद मिळविलें आणि पुढच्याच महिन्यांत मॅनिंग निवृत्त झाला. तेव्हांपासून सहा वर्षांत त्या जागीं निदान दहा जण उभे राहिले. एकहि टिकला नाहीं. २०२० च्या नोव्हेंबरांत तर असा प्रसंग आला कीं, साथीच्या नियमांमुळें संघाचे सगळे सेनापति एकदमच विलग ठेवावे लागले, आणि केंडल हिंटन नांवाच्या, चेंडू झेलण्याचें काम करणाऱ्या राखीव गड्यास आयत्या वेळीं पुढें करणें प्राप्त झालें. त्या बिचाऱ्यानें नऊ वेळां चेंडू फेंकला. आपल्या माणसाच्या हातीं तो एकदांच पडला. न्यू ऑर्लिन्सनें तो सामना ३१–३ असा जिंकला. डेन्व्हरचे लोक ही गोष्ट हंसत हंसत सांगत, पण तें हंसणें फारसें सुखाचें नव्हतें.

अशा स्थितींत २०२२ सालीं दोन नांवें लोकांच्या तोंडीं आलीं. एक ग्रीन बे संघाचा ॲरन रॉजर्स, दुसरा सिॲटलचा रसेल विल्सन. आमच्या भाच्याच्या घरींच दोन पक्ष होते. भाचा ‘आणावा’ ह्या पक्षाचा. सूनबाई हिशेबतपासणीच्या धंद्यांत, त्या ‘आणूं नये’ ह्या पक्षाच्या.

भाचा म्हणे, “मामा, ह्या गांवानें तीन वेळां अजिंक्यपद पाहिलें आणि तिन्ही वेळां सेनापति बाहेरून आणलेला होता. जॉन एल्वे १९८३ सालीं बाल्टिमोरशीं अदलाबदल करून आणला. मॅनिंगला इंडियानापोलिसनें सोडला तेव्हां २०१२ सालीं आपण घेतला. आणि लांब कशाला, आतांच लॉस एंजल्सनें काय केलें तें पाहा ना!” लॉस एंजल्सच्या संघानें २०२१ सालीं डेट्रॉइटचा मॅथ्यू स्टॅफर्ड घेण्यासाठीं पहिल्या फेरीच्या दोन पाळ्या, तिसऱ्या फेरीची एक, आणि वर आपला स्वतःचा सेनापति जेरेड गॉफ दिला होता. लोकांनीं त्यांस उधळे म्हटलें. आणि १३ फेब्रुवारी २०२२ रोजीं त्याच संघानें सिनसिनाटीस २३–२० असें हरवून अजिंक्यपद नेलें. ह्या निकालाची हळद ताजी असतांना ‘आणूं नये’ म्हणणें म्हणजे लग्नघरांत काटकसरीवर व्याख्यान देण्यासारखें होतें.

तरी सूनबाई माघार घेत ना. “मामा, ह्यांच्या बोलण्यांत मिळालेलें तेवढें येतें, दिलेलें येत नाहीं,” त्या म्हणाल्या. “विल्सन तेहतीस वर्षांचा. मागच्या हंगामांत उजव्या हाताचें बोट मोडलें होतें. दोन वर्षांचें बियाणें विकून एक मोठा बैल आणायचा. मग जोडीला दुसरा कुठून आणणार?” ह्यावर भाच्यानें जें उत्तर दिलें तें युक्तिवादांत जमा होण्यासारखें नव्हतें, म्हणून येथें देत नाहीं.

परंतु ह्या दोघांहून आमच्या अधिक लक्षांत राहिले ते शेजारचे एक वृद्ध अमेरिकन गृहस्थ. १९७० पासून त्या संघाच्या घरच्या सामन्यांचीं तिकिटें आगाऊ संपत आलीं आहेत. ह्या गृहस्थांची जागा त्यांच्या वडिलांपासून घरांत चालत आलेली. हिमवर्षावांतहि ते जाऊन बसत. भाच्याचा बारा वर्षांचा मुलगा त्यांस म्हणाला, “नवा पोरगा निवडून तयार केला तर पांच वर्षांत आपला संघ पक्का होईल.” तेव्हां ते शांतपणें म्हणाले, “बाळ, पांच वर्षें तुझ्याजवळ आहेत.” पुष्कळ वादांत तत्त्वाचा भेद दिसतो, पण खालीं पाहिलें तर वयाचा भेद असतो. पाळी म्हणजे भावी काळ. आणि भावी काळाची किंमत बाराव्या वर्षीं व ऐशीव्या वर्षीं एकच कशी असेल? त्या वृद्धानें ‘आणावा’ म्हणणें हा अविचार होता असें आम्हांस तरी म्हणवत नाहीं.

मात्र भाच्याच्या प्रमाणांत एक उणीव होती, आणि ती साऱ्या शहराच्या स्मरणांतली उणीव होती. एल्वे आला १९८३ त; अजिंक्यपद आलें १९९८ च्या जानेवारींत. मधल्या काळांत तो तीन वेळां अंतिम सामन्यापर्यंत संघास घेऊन गेला आणि तिन्ही वेळां हरला. पंधरा वर्षांनीं यश आलें तेव्हां शेजारीं टेरेल डेव्हिस हा धांवणारा गडी होता, आणि त्या अंतिम सामन्यांतील सर्वोत्तम खेळाडूचा मानहि डेव्हिसलाच मिळाला. मॅनिंगची गोष्ट तर याहून बोलकी आहे. ज्या हंगामांत अजिंक्यपद मिळालें त्यांत त्यानें फेंकलेले नऊ चेंडू गुण मिळवून गेले आणि सतरा चेंडू प्रतिपक्षाच्या हातीं पडले. संघ तरला तो बचावाच्या फळीमुळें. अंतिम सामन्याचा मान व्हॉन मिलर ह्या बचावाच्या गड्यास मिळाला. (त्याच मिलरला डेन्व्हरनें २०२१ च्या हंगामांत लॉस एंजल्सला देऊन टाकलें होतें, आणि तो तेथें जाऊन पुन्हां अजिंक्य झाला!) लोकांच्या स्मरणांत पुतळा राहतो तो एकाचा. बाकीचे दहा जण जोत्याच्या दगडांसारखे.

८ मार्च २०२२ रोजीं रॉजर्सनें आपण जुन्या संघांतच राहणार असें कळविलें, आणि त्याच दिवशीं विल्सन डेन्व्हरला येणार हें वृत्त आलें. हा विल्सन म्हणजे परका कसला, डेन्व्हरकरांच्या चांगल्या परिचयाचा! २०१४ च्या फेब्रुवारींतील अंतिम सामन्यांत त्याच्या सिॲटल संघानेंच डेन्व्हरला ४३–८ असें धुळीस मिळविलें होतें. त्याच्यासाठीं डेन्व्हरनें पहिल्या फेरीच्या दोन पाळ्या, दुसऱ्या फेरीच्या दोन, पांचव्या फेरीची एक, आणि ड्रू लॉक, नोआ फँट व शेल्बी हॅरिस हे तीन गडी दिले. उलट विल्सनबरोबर चौथ्या फेरीची एक पाळी मिळाली. आमच्या भाच्यानें त्या रात्रीं पेढे वाटले. डेन्व्हरमध्यें पेढे मिळतात, ही गोष्ट आम्हांस त्या दिवशीं कळली.

आमचें मत असें आहे कीं, येथपर्यंत झालेलें समर्थनीय होतें. आपल्या शास्त्रकारांनीं योगक्षेम ह्या शब्दाची फोड मोठी मार्मिक केली आहे. जें जवळ नाहीं तें मिळविणें हा योग, आणि मिळालेलें सांभाळणें हा क्षेम. मार्चमधला व्यवहार हा योग झाला. महाग, पण सहा वर्षें तहानलेल्यानें पाण्यास दिलेली किंमत म्हणून समजण्यासारखा. खरा घात झाला तो सप्टेंबरांत. विल्सनच्या जुन्या करारांतील दोन वर्षें अजून शिल्लक होतीं. एक हंगाम त्याचा खेळ पाहून मग पुढचें बोलावें, एवढी सवड संघास होती. तसें न करितां, त्यानें डेन्व्हरसाठीं एकहि सामना खेळण्यापूर्वीं, आणखी पांच वर्षांचा, सुमारें २४ कोटि डॉलरांचा नवा करार संघानें करून टाकला. आश्चर्य असें कीं, ज्या वादानें शहर दोन महिने पेटलें होतें तो वाद ह्या करारावर जवळजवळ झालाच नाहीं. बियाण्याच्या हिशेबासाठीं भांडणाऱ्यांनीं दावणीच्या खर्चाकडे पाहिलें नाहीं.

पुढची हकीकत थोडक्यांत सांगतों. पहिलाच सामना सिॲटल येथें होता. शेवटच्या क्षणीं पांच यार्ड हवे असतां नवे प्रशिक्षक नॅथॅनिएल हॅकेट ह्यांनीं, ज्याच्यासाठीं एवढें दिलें त्या सेनापतीच्या हातीं चेंडू न देतां, ६४ यार्डांवरून लाथ मारून गुण मिळविण्याचा प्रयत्न करविला. तो फसला, आणि सिॲटलनें १७–१६ असा सामना जिंकला. दुसऱ्या सामन्यांत डेन्व्हर जिंकलें खरें. पण चाल सुरू करण्यास जे ठराविक सेकंद असतात ते वारंवार निसटूं लागलेले पाहून घरचेच प्रेक्षक उलटी मोजणी मोठ्यानें म्हणूं लागले. हजारों लोक आपल्याच संघास पाढे म्हणून दाखवीत आहेत हा देखावा शाळेंत जन्म घालविलेल्या आम्हांसहि ऐकवला नाहीं. त्या हंगामांत बत्तीस संघांत सर्वांत कमी गुण डेन्व्हरचे झाले. नाताळाच्या दिवशीं लॉस एंजल्सनें त्यांना ५१–१४ असें हरविलें, दुसऱ्याच दिवशीं हॅकेट ह्यांस काढून टाकण्यांत आलें, आणि हंगाम संपला तो पांच विजय व बारा पराभव असा.

आणि येथें त्या पाळीच्या नाण्याचा विलक्षण गुण दिसून आला. पाळी ही संघाच्या दैन्याप्रमाणें मोलानें वाढते. जो आपली पुढच्या वर्षाची पाळी विकतो, तो आपलें संभाव्य दुर्दैवच विकत असतो. तें जितकें मोठें, तितका विकत घेणाऱ्याचा लाभ मोठा. डेन्व्हर इतकें खालीं गेलें कीं त्यांची पाळी देशांत पांचवी लागली, आणि ती सिॲटलची होती. तिच्यांतून त्यांनीं डेव्हन विदरस्पून हा बचावाचा तरुण घेतला. आदल्या वर्षीं डेन्व्हरच्याच पाळीवर त्यांनीं चार्ल्स क्रॉस मिळविला होता. विल्सनच्या जागीं जीनो स्मिथ नांवाचा, वर्षानुवर्षें राखीवांत बसलेला गडी त्यांनीं उभा केला होता. त्यानें त्या हंगामांत सिॲटलला नऊ विजय मिळवून देऊन बाद फेरींत नेलें. हें भाकीत सूनबाईंच्या पक्षानेंहि केलें नव्हतें.

अदलाबदल वाईटच, असा सिद्धांत कोणी ह्यावरून काढील तर डेट्रॉइटचें उदाहरण आड येतें. स्टॅफर्ड देऊन त्यांस जो गॉफ मिळाला, त्यानेंच १४ जानेवारी २०२४ रोजीं स्टॅफर्डच्या लॉस एंजल्सला २४–२३ असें हरवून डेट्रॉइटला बत्तीस वर्षांनीं बाद फेरींतला पहिला विजय दिला. तेथें देणारा व घेणारा दोघेहि सुखी झाले. डेन्व्हरनें मात्र २०२३ च्या आरंभीं चूक सुधारण्यासाठीं शॉन पेटन हे प्रशिक्षक न्यू ऑर्लिन्सकडून आणले, आणि त्यांच्यासाठींहि पहिल्या फेरीची एक व दुसऱ्या फेरीची एक पाळी मोजली. बैल चालेना म्हणून नांगऱ्या बदलला, आणि त्यालाहि बियाण्यांतूनच बिदागी दिली! विल्सन त्या हंगामांत पूर्वीपेक्षां बरा खेळला. तथापि शेवटच्या दोन सामन्यांत त्यास बसवून ठेवण्यांत आलें आणि २०२४ च्या मार्चमध्यें निरोप देण्यांत आला. त्याच्या करारापोटीं ८ कोटि ५० लक्ष डॉलरांचा भार दोन वर्षांच्या वेतनमर्यादेंत डेन्व्हरच्या माथीं राहिला.

त्या एप्रिलमध्यें डेन्व्हरनें आपल्या बाराव्या पाळीवर बो निक्स हा तरुण सेनापति निवडला, म्हणजे सूनबाईंचा मार्ग धरला. विल्सनला पिट्सबर्गनें सुमारें १२ लक्ष डॉलर ह्या किमान वेतनावर घेतलें. त्या वर्षाचे बाकीचे जवळजवळ ३ कोटि ८० लक्ष डॉलर डेन्व्हरच्या तिजोरींतून त्यास मिळत होते. १५ सप्टेंबर २०२४ रोजीं निक्स घरच्या मैदानावर प्रथमच सामन्यास उतरला. प्रतिपक्ष होता पिट्सबर्ग. पोटरी दुखावल्यामुळें विल्सन खेळला नाहीं. डेन्व्हरचें वेतन घेत तो समोरच्या बाजूस होता. पिट्सबर्गनें सामना १३–६ असा जिंकला. शेजारचे वृद्ध गृहस्थ आपल्या जागेवर होते, असें भाच्यानें कळविलें.